‘झेरॉक्स’ म्हटलेली मुलगी

“टीव्हीवर परीक्षक सगळ्यांदेखत बोलले, तेव्हापासून पोरगी गातच नाही हो.” मी समुपदेशक आहे, आणि थोड्याफार फरकाने हे वाक्य बऱ्याच पालकांच्या तोंडून ऐकते. कुणाचं मूल गाण्याच्या कार्यक्रमात ऑडिशनलाच गळालेलं असतं, कुणाचं चांगलं निम्म्यापर्यंत जाऊन परत आलेलं असतं. पुढचा प्रश्न ठरलेला: आता हिला परत गायला बसवायचं कसं? एका केसच्या आधाराने सांगते. पालकांनी लिहायला परवानगी दिली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी सातवीतली, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. वडील प्राथमिक शिक्षक, भजनी मंडळात पेटी वाजवणारे. शनिवार-रविवार एसटीने मिरजेला बाईंकडे गाणं शिकायला जायची. अब्दुल करीम खाँसाहेबांचं मिरज, तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांचं मिरज. त्या गावात गाणं शिकणाऱ्या मुलीकडून घरच्यांच्या अपेक्षा जरा जास्तच असतात. लहान मुलांच्या गाण्याच्या एका कार्यक्रमात तिची निवड झाली तेव्हा गावात बॅनर लागले होते. बॅनरवर तिच्यापेक्षा मोठा फोटो कुणाचा होता, ते विचारू नका.

एका भागात तिने एक जुनं भावगीत गायलं. घराघरात पाठ असलेलं, रेडिओच्या जमान्यातलं. परीक्षक म्हणाले, “गळा सुरेख आहे, पण मी मूळ गाणंच ऐकत होतो. यात तू कुठे आहेस?” पुढच्या आठवड्यात ती बाद झाली. शाळेत परतल्यावर मुलांनी तिचं नाव ठेवलं ‘झेरॉक्स’. हजेरीला तिचं नाव पुकारलं की मागच्या बाकावरून कुणीतरी मशीनचा आवाज काढायचं. पंधरवड्यात तिचा घसा बसला, तो बसलाच. बोलताना आवाज ठीक, गायला सांगितलं की खाकरणं सुरू. सकाळी पोटात दुखायला लागलं. बाईंकडे जायचं नाव नाही.

मी आधी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. गाणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही पायरी मी कधीच गाळत नाही. मनावर घेतलंय, नाटकं करतेय असं घरात ठरून जातं, आणि खरोखरीचा घशाचा त्रास राहून जातो. मुलग्यांमध्ये तर बारा ते पंधराच्या दरम्यान आवाज फुटतो, जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. कालपर्यंत लागणारा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, एका सकाळी लागतच नाही. अशा वयात ‘वरचे सूर कमी पडतायत’ हा शेरा खरा असतो. पण त्यात त्या पोराचा काय दोष? हिच्या घशात काही निघालं नाही. मग आम्ही बोलायला बसलो.

पहिल्या भेटीत ती काही बोलली नाही. दुसऱ्या भेटीला गाण्यांची वही आणायला सांगितलं. दोनशे पानी वही, वर वर्तमानपत्राचं कव्हर. आत सुवाच्य अक्षरात गाणी, आणि ओळींच्या मध्ये लाल पेनाच्या बारीक टिकल्या. या काय आहेत विचारलं, तर म्हणाली, “श्वासाच्या जागा.” मूळ गायिकेने जिथे श्वास घेतलाय तिथेच आपणही घ्यायचा, म्हणून रेकॉर्ड कानाला लावून तिने त्या शोधल्या होत्या. एका ओळीत टिकली खोडून पुढच्या अक्षरावर सरकवलेली होती. बारा वर्षांच्या पोरीने इतकं कान देऊन ऐकलं होतं, आणि त्याचंच बक्षीस म्हणून तिला झेरॉक्स हे नाव मिळालं होतं.

मी विचारलं, “एवढं तंतोतंत का?” तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. तिच्या आधीच्या एका भागात दुसऱ्या स्पर्धकाने जुन्या गाण्यात स्वतःच्या ताना घातल्या होत्या. त्याला सांगण्यात आलं होतं, “अजरामर गाण्याला हात लावायचा नसतो, बाळा.” ही बाजूच्या बाकावर बसून ऐकत होती. मुलं स्वतःला मिळालेला शेरा ऐकतात तसा दुसऱ्याला मिळालेलाही ऐकतात. तिने ठरवलं, आपण हात लावायचा नाही. आणि मग तिला विचारलं गेलं, तू कुठे आहेस?

परीक्षकांना मी सरसकट दोष देत नाही. दुसऱ्याचं गाजलेलं गाणं गाणाऱ्याला कशाचे गुण द्यायचे, हा प्रश्न सोपा नाहीच. सूर, ताल, शब्दांचे उच्चार, दम, भाव एवढं तपासता येतं. त्यापलीकडचं ‘स्वतःचं काहीतरी’ मात्र प्रत्येक परीक्षकाचं वेगळं असतं, आणि एकाच परीक्षकाचं दोन गाण्यांना वेगळं असू शकतं. पंचविशीच्या गायकाला ते विचारणं रास्त आहे. बारा वर्षांच्या मुलीची विद्या अजून नकलेतूनच चाललेली असते. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्यांची गायकी हुबेहूब म्हणून दाखवत. लोक थक्क होत, टाळ्या वाजवत. त्यानंतर ते मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे वर्षानुवर्षं शिकले. त्यांचं स्वतःचं म्हणून जे गाणं आपण ओळखतो ते फार नंतरचं. ही गोष्ट मी तिच्या वडिलांना सांगितली तेव्हा ते पेटीवर बोटं फिरवल्यासारखी टेबलावर फिरवत गप्प बसले. नंतर म्हणाले, “मग मॅडम, त्या पाच जणांचं कसं काय झालं?”

त्या पाच जणांचं, म्हणजे ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’च्या 2008-09 च्या पर्वातली पंचरत्नं. कार्तिकी गायकवाड जिंकली. आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत ही नावंही घराघरात पोचली. आज माझ्याकडे येणारे बरेच आई-वडील तेव्हा विशीत होते आणि सोमवार-मंगळवारी जेवणं उरकून टीव्हीसमोर बसत होते. मी वडिलांना उलट विचारलं, की पाचांच्या आधी जी मुलं बाद झाली त्यांतल्या दोघांची नावं सांगा. त्यांना आठवेनात. मलाही आठवत नव्हती. ती मुलं वाया गेली असं थोडंच आहे? ती मोठी झाली, आपल्या कामाला लागली, कुणी गातही असेल. आपण त्यांना विसरलो, म्हणजे त्यांच्यावरचे शेरेही विसरलो.

पण घरात एक चूक चालू होती, आणि ती फार घरांत होते. त्या प्रसंगाची क्लिप मोबाईलमध्ये होती. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती दाखवली जायची. आत्या, मामा, शेजारच्या काकू. दाखवून झालं की चर्चा: त्यांनी असं बोलायला नको होतं, आपली पोरगी काय वाईट गायली का. उद्देश मुलीची बाजू घेण्याचाच. पण प्रत्येक वेळी तिच्या कानावर पुन्हा तेच वाक्य पडायचं, आणि परीक्षकाच्या जागी आता सगळं गोत बसलेलं असायचं.

मी तिघांना वेगवेगळं बसवलं आणि त्या रात्री परीक्षक काय काय बोलले ते आठवेल तसं लिहायला सांगितलं. क्लिप बघायची नाही. मुलीच्या कागदावर एकच वाक्य होतं. आईच्या कागदावर पानभर मजकूर. आई शूटिंगला समोर बसलेली होती. तिला आठवत होतं की परीक्षक बराच वेळ बोलले होते, शब्दोच्चारांचं कौतुक केलं होतं, लयीबद्दल सांगितलं होतं. प्रक्षेपणात त्यातले थोडेच सेकंद उरले. मुलीच्या मनात आता प्रत्यक्षातली रात्र राहिलीच नव्हती, टीव्हीवर दिसलेली रात्र तिच्या जागी येऊन बसली होती. हे फक्त मुलांचं होतं असं नाही, पण मुलांचं फार लवकर होतं.

आईच्या कागदाच्या शेवटी एक ओळ होती: ‘दुसऱ्या अंतऱ्यातली हरकत कुणाची म्हणून विचारलं.’ मी मुलीकडे बघितलं. ती खाली मान घालून टेबलाची कड खरवडत होती. हरकत म्हणजे ओळीत मध्येच घेतलेली सुरांची छोटी नक्षी. मूळ गाण्यात ती नव्हती. तालमीत एकदा आपोआप आली, तिला आवडली, म्हणून तिने ठेवली होती. परीक्षकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “बाईंनी शिकवली.”

“असं का सांगितलंस?”

“हात लावायचा नसतो ना.”

यानंतर मला फारसं काही करावं लागलं नाही. एवढंच ठरवलं की ती हरकत बाईंना जाऊन म्हणून दाखवायची, बाकी गाणं म्हणायची सक्ती नाही. ती गेली. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, शेवटचा स्वर उतरतोय. आणि अर्धा तास तेवढाच तुकडा घोटून घेतला. समुपदेशक म्हणून मी तिला जे देऊ शकले नसते ते त्या अर्ध्या तासाने दिलं. कौतुक नाही, सहानुभूती नाही, सरळ गाण्याचं काम. घसा तिथेच मोकळा झाला असं मी म्हणणार नाही. दोनेक महिने खाकरणं चालू होतं, मग कमी होत गेलं. शाळेतल्या चिडवण्यासाठी वर्गशिक्षिकांशी वेगळं बोलावं लागलं.

तेव्हा अशी वेळ तुमच्या घरात आली असेल तर आधी ती क्लिप दाखवणं थांबवा, स्टेटसवरून काढा, आणि पाहुण्यांनी विषय काढला तर “तिचा रियाज चालू आहे” एवढं बोलून चहा टाकायला उठा. मुलाला ‘ते काय बोलले’ असं विचारण्यापेक्षा ‘तू त्या गाण्यात काय केलं होतंस’ असं विचारा. घसा, झोप आणि शाळा यांपैकी काहीही तीन-चार आठवड्यांहून जास्त बिघडलेलं राहिलं तर मदत घ्यायला लाजू नका.

आणि पुन्हा पाठवायचं असेल तर गाण्याइतकंच वेळेचंही बोला. हिच्या त्या भागाला सकाळी मेकअप होऊन बसलेली मुलगी रात्री उशिरा माईकसमोर उभी राहिली होती, हे आईने सहज सांगितलं. तिला त्यात वावगं वाटलंच नव्हतं. 2017 च्या बालकामगार नियमांप्रमाणे बालकलाकाराकडून दिवसात पाच तासांहून जास्त आणि सलग तीन तासांहून जास्त काम करून घेता येत नाही, आणि मिळकतीतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावाने मुदत ठेवीत टाकावा लागतो. करारावर सही करण्याआधी हे विचारणारे पालक मला क्वचितच भेटतात. निवड झाल्याच्या आनंदात कुणाला आठवत नाही, हेही खरं.

या घरात पुढच्या ऑडिशनचं अजून ठरलेलं नाही. वडिलांना पाठवायचंय, आईला नको आहे. मुलगी म्हणते, दहावीनंतर बघू. मला विचाराल तर मी मुलीच्या बाजूने आहे, आणि तसं वडिलांना सांगूनही झालंय.