हाताखाली कुणीच नाही, मग लीडरशिप दाखवू कशी?

प्रश्न: ताई, मी २७ वर्षांची, हिंजवडीला एका आयटी कंपनीत टेस्टर आहे, साडेचार वर्षं झाली. एमबीएसाठी जीमॅट ही प्रवेश परीक्षा दिलीये, आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) आणि हार्वर्डला अप्लाय करायचंय. पण सगळीकडे लीडरशिप विचारतात आणि माझ्या हाताखाली आजवर एक फ्रेशरसुद्धा नव्हता. मॅनेजर म्हणतात आधी टीम लीड हो, त्याला अजून दीड-दोन वर्षं जातील. मी केलं ते एवढंच की रिलीजच्या रात्री, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडते तेव्हा, तीन टीम एकमेकांवर ढकलायच्या, तर मी प्रत्येकाने आपापला रकाना भरायची एक शीट बनवली, आता भांडणं कमी होतात. थांबू का?

उत्तर: अगं, थांबू नकोस! 'एवढंच' म्हणून जे तू शेवटी एका ओळीत उरकलंस ना, तुझा अर्जासोबतचा निबंध तिथेच आहे.

हार्वर्डने २०२४ पासून निबंध बदललेत, त्यात लीडरशिपचा २५० शब्दांचा आहे आणि ते विचारतात की कुठल्या अनुभवांनी तुला घडवलं, तू दुसऱ्यांसाठी स्वतःचं काय देतेस आणि तुला कशी लीडर व्हायचंय. किती माणसं सांभाळलीस हे त्यात कुठेच नाही. आणि खरं सांगू, हाताखालचा माणूस ऐकतो कारण त्याचं अप्रेझल तुमच्या हातात असतं, तुझं तर कुणी ऐकायला बांधलेलंच नव्हतं, तरी तीन टीम ती शीट भरायला लागल्या, हे जास्त अवघड आहे गं.

आता ते लिहायचं कसं. 'मी तीन टीमचं नेतृत्व करून प्रोसेस सुधारली' असं लिहिलंस तर वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. त्यापेक्षा आठव, पहिल्यांदा नाही कोण म्हणालं? समज डेटाबेसवाल्या सीनियरने दोन रिलीज शीट उघडलीच नाही, मग तिसऱ्या वेळी तू रात्री अकराला त्यांच्या डेस्कशी खुर्ची ओढून बसलीस, त्यांचा रकाना त्यांना विचारून विचारून तूच भरलास, आणि चौथ्या वेळी त्यांनी तो आपणहून भरला. असं काहीतरी तुझ्याकडेही घडलेलं असणार, ते जसं झालं तसं लिही, तू काय बोललीस आणि तुझं काय चुकलं त्यासकट.

फुगवू मात्र नकोस. शिफारसपत्र तुझे मॅनेजर लिहिणार, आणि बऱ्याच कॉलेजांच्या फॉर्ममध्ये त्यांना विचारतात की तुला सुधारणेसाठी महत्त्वाचा फीडबॅक काय दिला आणि तू त्यावर काय केलंस. तुझी गोष्ट एक आणि त्यांची दुसरी निघाली तर सगळंच संशयात जातं. त्यांना डेडलाइनच्या महिनाभर आधी भेट, शीटची गोष्ट आठवून दे. दुसरं पत्र लागत असेल तर मोठ्या हुद्द्याच्या माणसामागे धावू नकोस, त्या रात्री कॉलवर जो होता त्याला विचार.

आणि अर्जासाठी म्हणून दोन महिने कुठल्या संस्थेत नाव घालून यायचं, हे तर नकोच, मला ते मनापासून पटत नाही.

एक काम आजच कर. तू मागे कधी सुट्टीवर होतीस तेव्हा रिलीज झाला असेल ना, त्या रात्रीची शीट उघडून बघ कुणी भरलीये का. भरलेली असेल तर निबंधाचा शेवट तिथेच कर.