पोळपाट नंतर, आधी कालथा

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

पोळपाट करायचा बेत कळला. हौस चांगली आहे, पण पहिलं काम म्हणून पोळपाट मला पसंत नाही. दहा इंच रुंदीची एकसंध फळी महाग पडते. पट्ट्या जोडून केलास तर गाठ मुंबईच्या पावसाळ्याशी. जुलैत हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर जातो. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र फुगतं, मग फळीला बाक येतो आणि चपाती एकसारखी लाटली जात नाही. आधी लाकडी कालथा कर. एक फूट लांब, अडीच इंच रुंद, चार सूत जाड एवढा तुकडा पुरे. इंचाचे आठ सूत, हे पाठ करून ठेव. आपल्या मिस्त्रींच्या तोंडी मिलिमीटर क्वचितच येतो.

एवढ्याशा कामाला सागाची अख्खी फळी कशाला? रे रोडच्या वखारीत कटपीस मिळतात, नाहीतर तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे फर्निचरचं काम चालू असेलच, तिथल्या मिस्त्रींना विचार. आंबा, बाभूळही चालेल. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) अन्नाला लागणाऱ्या वस्तूंना नको. पॅकिंगच्या पॅलेटवर एमबी असा शिक्का दिसला तर ते लाकूड मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं असतं, हात लावू नकोस. पाडलेल्या चाळींतला जुना बर्मा साग मला फार आवडतो, पण त्यात खिळे लपलेले असतात आणि वर रंगाचे थर. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत नव्वद भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली, त्यामुळे जुन्या रंगाचं लाकूड अन्नाजवळ नकोच.

हत्यारं नागदेवी स्ट्रीटला घे: बारीक दातांची करवत, लाकडाची कानस, एक इंची पटाशी, धारेचा दगड, क्लॅम्प आणि ८०, १२० व २२० नंबरचा पॉलिश पेपर. पटाशीत कंजुषी नको. सागात वाळूसारखे सूक्ष्म कण असतात, धार लवकर जाते, तेव्हा दगड जवळच ठेव. मशीनच्या फंदात आत्ता पडू नकोस. वन बीएचकेत ग्राइंडर लावलास तर धूळ डाळीच्या डब्यांपर्यंत जाईल आणि सोसायटीची तक्रार वेगळी. हातानेही सागाची भुकटी नाकात चुरचुरते, मास्क लाव.

आता खरं काम. तुकडा हातात घेतलास की आधी त्याची कड बघ, वरचा चेहरा नंतर. कडेवर लाकडाच्या तंतूंच्या रेषा लांबीला समांतर धावायला हव्यात. दांड्याच्या जागी त्या तिरक्या होऊन बाहेर पडत असतील तर कालथा तिथेच मोडणार. आकार कितीही सुरेख काढ, उपयोग नाही. गाठ असलेला तुकडा परत दे, लाजू नकोस.

पटाशीही रेषांच्या उताराने चालवायची. बरोबर दिशेला लाकडाची पातळ, गुंडाळलेली साल सर्रकन सुटते आणि खाली चकचकीत पृष्ठभाग राहतो. उलट्या दिशेला पटाशी आत घुसते, लाकूड चिंध्यांसारखं उचकटतं. तसं झालं की जोर वाढवू नकोस, तुकडा फिरवून क्लॅम्पला लाव. पातं जिथे दांड्याला मिळतं त्या मानेच्या खोलगट वळणात तर दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवरून खाली मध्याकडे यायचं. मध्य ओलांडून पुढे गेलास की चढ लागला, म्हणजे पुन्हा उचकटलं. मान नीट जमली की बाकी कालथा कानशीने होतो. डावा हात पटाशीच्या धारेपुढे कधीही नको.

पात्याचं टोक एक सुतापर्यंत पातळ कर. ते किंचित गोलाकार आणि तिरपं हवं, म्हणजे कढईच्या तळाला लागतं. तिरपेपणा कुठल्या बाजूला हे घरात जे ढवळतात त्यांच्या हातावर ठरव.

२२० चा कागद झाला की ओल्या फडक्याने पुसून सुकू दे. लाकडाची लव उभी राहील, ती त्याच कागदाने घालव. असं दोनदा. नंतर तेल. शेंगदाण्याचं नको, ते सुकत नाही आणि खवट होतं. खाण्याचं जवसाचं तेल लाव. सुकायला आठवडे लागतात, घाई असेल तर केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवस तेल मात्र घेऊ नकोस, त्यात सुकवण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असतात. आणि जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून डब्यात टाकू नकोस, ती आपोआप पेट घेऊ शकते. गॅलरीच्या दोरीवर पसरून वाळव.

करवत लावायच्या आधी तुकड्याच्या कडेचा फोटो पाठव.

तुझा,
काका