गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आईला शेक (रेडिएशन) दिला, आता दीड वर्षाने शौचातून रक्त पडतंय, दिवसातून सात-आठ वेळा जावंही लागतं. मूळव्याधीचं औषध देऊ का?

तपासल्याशिवाय देऊ नका. मी चोपड्याकडची, हाच आजार, हाच शेक आणि नंतर हाच त्रास मी काढलाय. रक्त दिसलं म्हणजे कॅन्सर उलटलाच असंही नाही.

शेक गर्भाशयाला दिला तरी गुदाशय आणि लहान आतडं त्याच्या वाटेत येतंच. शेक चालू असताना लागणारे जुलाब बहुधा दोन-तीन महिन्यांत थांबतात. हा दुसरा त्रास उशिरा येतो, सहा महिन्यांनी, कधी काही वर्षांनी. आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, अस्तर नाजूक होतं आणि तिथे फुटलेल्या नव्या, कमकुवत वाहिन्यांतून रक्त झिरपतं. शेक देणाऱ्यांनी काही चुकीचं केलं असं लगेच समजू नका. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलेल्या अभ्यासात, ऑपरेशननंतर जुन्या पद्धतीने शेक घेतलेल्या बायकांपैकी तीन वर्षांत सुमारे ४२ टक्क्यांना आतड्याचा मध्यम किंवा जास्त त्रास झाला. नव्या, नेमक्या पद्धतीने शेक दिलेल्यांत २१ टक्क्यांना.

जळगाव, धुळे, नाशिक कुठेही जा, दुर्बीण घालण्याआधी शेकाची फाइल स्वतःहून डॉक्टरांपुढे ठेवा. अशा अस्तराचा, विशेषतः पुढच्या बाजूचा, तुकडा उगाच काढला तर जखम चिघळते, योनीमार्गात भोक पडू शकतं. रक्त फार जात असेल तर दुर्बिणीतूनच आर्गॉन वायूने वाहिन्या डागतात. हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या.

दिवसातून सात-आठ वेळा जावं लागतं म्हणता, त्याचं कारण कदाचित निराळं असेल. लहान आतड्याचं शेवटचं टोक पित्त परत शोषून घेतं. ते दुखावलं की पित्त मोठ्या आतड्यात उतरतं, मग पाण्यासारखं आणि दम न धरता येणारं होतं. माझं हेच निघालं. डॉक्टरांनी कोलेस्टिरामिनची पूड दिली, तेव्हा कुठे पिशवीत जादा लुगडं न घेता मी एसटीत बसू लागले. (ही पूड बाकीच्या गोळ्यांपासून अंतर ठेवून घ्यायची.) शेवभाजीची तर्री आणि भरितावरचं तेल मला अजून सोसत नाही. केळं चालतं.

आई लग्नाकार्याला जायचं टाळते का, ते बघा. कपड्यात होतं हे आपल्याकडची बाई मुलाला सांगणार नाही. मावशीला किंवा बहिणीला विचारायला लावा, आणि ते डॉक्टरांच्या कानावर घाला, त्यावरही उपाय आहेत.

पोट फुगून उलट्या झाल्या, वारा सरणं बंद झालं किंवा योनीतून शौच आलं, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.