वाचकांचे प्रश्न : कृष्णधवल फिल्म, रोलची आणि शीटची

प्रश्न : ६×७ सेंमीच्या रोल कॅमेऱ्यात कोडॅकची टी-मॅक्स १०० वापरतो. आता ४×५ इंची सुट्या शीट फिल्मचा फील्ड कॅमेरा घेतला आहे. बारीक दाण्यासाठी शीटमध्येही तीच घ्यावी की इलफर्डची एचपी५ प्लस? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दाण्याची काळजी रोलपुरती ठेवा. १६×२० इंची प्रिंटसाठी ६×७ची निगेटिव्ह सव्वासातपट मोठी करावी लागते, ४×५ची जेमतेम चौपट. चौपटीला एचपी५चा दाणा भिंग लावून शोधावा लागतो.

शीटवर खरी टंचाई असते शटरच्या वेगाची. पायाशी असलेल्या दगडापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं रेखीव हवं तर १५० मिमी लेन्सचं ऍपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) बऱ्याचदा एफ ३२पर्यंत बंद करावं लागतं. लख्ख उन्हात १०० आयएसओला (फिल्मची उजेडाची संवेदनशीलता) तिथे १/३० सेकंद मिळतो, पिवळ्या फिल्टरने एक स्टॉप (म्हणजे निम्मा उजेड) खाल्ला की १/१५. एवढ्यात गवत हलून जातं. ४०० आयएसओच्या एचपी५ला त्याच जागी १/६० मिळतो. म्हणून बाहेरच्या कामासाठी पहिली पेटी एचपी५ची घ्या. इमारती, टेबलावरच्या वस्तू अशा न हलणाऱ्या विषयांना इलफर्डचीच एफपी४ प्लस.

टी-मॅक्समध्ये खोट नाही, पण ती हिशेबी फिल्म आहे. डेव्हलपरची वेळ, तापमान किंवा हलवणं थोडं चुकलं की कॉन्ट्रास्ट लगेच बदलतो. ट्रेमध्ये शीट हलवायला हात बसेपर्यंत एफपी४ किंवा एचपी५ जास्त सांभाळून घेतात.

नाव सारखं म्हणून फिल्म सारखी असं मात्र धरू नका. कोडॅकची ट्राय-एक्स रोलमध्ये ४००ची आहे, शीटमध्ये ३२०ची. दोन्हींचं इमल्शन (फिल्मवरचा प्रकाश टिपणारा थर) वेगळं, त्यामुळे रोलची वेळ शीटला चालत नाही. इलफर्डची डेल्टा ४०० आणि फुजीची अॅक्रॉस २ शीटमध्ये येतच नाहीत.

प्रश्न : पावसाळ्यात गर्द झाडीतल्या ओढ्याचे फोटो फोमापॅन १००वर काढले. मीटरने ३० सेकंद सांगितले, तेवढेच दिले. निगेटिव्ह पातळ, सावल्या कोऱ्या. मीटर बिघडला का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मीटर ठीक असावा. उजेड मंद आणि वेळ लांब असली की फिल्म सुस्तावते, आणि फोमापॅन तर फारच. कंपनीच्याच तक्त्यात १ सेकंदाला दुप्पट, १० सेकंदांना आठपट, १०० सेकंदांना सोळापट वेळ द्यायला सांगितलं आहे. या हिशेबाने तुमच्या ३० सेकंदांचे जवळजवळ साडेपाच मिनिटं होतात.

त्याच ओढ्यावर, त्याच ऍपर्चरला इतर फिल्मचं गणित पाहा. टी-मॅक्स १००ला सुमारे ५० सेकंद. एफपी४ १२५ची, म्हणजे मीटरवर २४ सेकंद. इलफर्डच्या सूत्राप्रमाणे २४चा १.२६वा घात केला की ५५ सेकंद. एचपी५ला मीटर साडेसात सेकंद दाखवेल, त्याचा १.३१वा घात म्हणजे १४ सेकंद. मोबाइलच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर हा घात चटकन निघतो. एका सेकंदाच्या आत सूत्राची गरज नाही.

फोमापॅन स्वस्त आहे, सरावाला उत्तम आहे, पण ओढ्यावर नेऊ नका. न्यायचीच तर ६४ आयएसओ धरून मोजा. वाढवलेल्या वेळेने उजळ भाग सावल्यांपेक्षा जास्त भरतात, म्हणून डेव्हलपिंग दहा टक्क्यांनी कमी करा.

प्रश्न : नळाचं पाणी २९ अंश असतं. डेल्टा १००च्या निगेटिव्ह गुलाबी दिसतात. उष्णतेमुळे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही, तो इमल्शनमधला रंग आहे. डेल्टा आणि टी-मॅक्स दोन्ही फिक्सर (निगेटिव्ह पक्की करणारं द्रावण) लवकर दमवतात. नव्या रॅपिड फिक्सरमध्ये (१+४, म्हणजे एक भाग फिक्सर, चार भाग पाणी) पाच मिनिटं ठेवून पुन्हा धुवा, बहुतेक रंग जाईल. पुढच्या वेळी फिल्मचा एक तुकडा आधी फिक्सरमध्ये टाकून तो पारदर्शक व्हायला लागणारा वेळ मोजा आणि या फिल्मना त्याच्या तिप्पट द्या. गडद गुलाबी राहिलं तर फिक्सर संपलाय.

उष्णतेचा त्रास वेगळा. २० अंशांचा हट्ट सोडा, सगळी द्रावणं २४वर ठेवा. एफपी४ला आयडी-११ डेव्हलपरच्या १+१ मध्ये २०ला ११ मिनिटं लागतात, २४ला साडेसात. त्याहून गरम केलं तर वेळ पाच मिनिटांखाली घसरायला लागते आणि आकाशात पट्टे येतात. बर्फ पिशवीत बांधून बाहेरच्या टबात ठेवा, डेव्हलपरमध्ये टाकू नका. धुण्याचं पाणीही त्याच टबात आधी भरून ठेवा. कोमट पाण्यात इमल्शन साय असावी तसं मऊ होतं, त्यावरून बोटं किंवा रबरी पट्टी फिरवू नका.

प्रश्न : अंधारात शीटची कुठली बाजू वर, हे कसं कळतं? (एक वाचक, पणजी)

उत्तर : शीट उभी धरा आणि कडेची खाच बोटाने चाचपा. खाच वरच्या कडेला, उजव्या कोपऱ्याजवळ लागली की इमल्शन तुमच्याकडे आहे. होल्डरमध्ये (कॅमेऱ्यात शीट बसवायची चौकट) हीच बाजू वर हवी. प्रत्येक फिल्मची खाच वेगळी असते. दोन पेट्या उघडायच्या असतील तर दिवा घालवण्याआधी एक वाया गेलेली शीट हातात घेऊन ती ओळखून ठेवा.