यंत्र, कान आणि वाकडे अंगण

प्रश्न : मी गेली ९ वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या एका गावात राहतो. शेजारच्या शेतकऱ्याने आपल्या शेतात धातुशोधक यंत्र घेऊन फिरण्याची लेखी परवानगी मला दिली आहे आणि आमच्या भागातील हौशी मंडळींच्या गटातही मी नुकताच सामील झालो आहे. मात्र यंत्र कोणते घ्यावे याबाबत तिथे दोन तट आहेत. काहींच्या मते २५० पौंडांचे साधे यंत्र पुरेसे असते, बाकी सारे वापरणाऱ्याच्या हातात आहे. तर काही जण म्हणतात की नामांकित कंपनीचे १,३०० पौंडांचे यंत्र न घेणारा आयुष्यभर खिळेच गोळा करतो. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : पहिल्या तटाचे ऐकावे, पण तो तट सहसा जे कारण देतो त्या कारणासाठी नव्हे.

स्वस्त यंत्राची बाजू घेणारे हटकून स्टॅफर्डशरचे उदाहरण देतात. २००९ च्या जुलैमध्ये टेरी हर्बर्ट यांना हॅमरविच गावाजवळच्या एका नांगरलेल्या शेतात अँग्लो-सॅक्सन काळातील सोन्याचांदीचा जो साठा सापडला, त्यात सुमारे ४ किलो सोने होते, त्याचे मूल्य ३२ लाख ८५ हजार पौंड ठरवण्यात आले आणि हर्बर्ट यांच्या हातातील यंत्र तेव्हा १४ वर्षांचे जुने होते. हे सारे खरे आहे. परंतु नांगराने वर आणलेले, मातीच्या वरच्या थरात विखुरलेले एवढे सोने त्या दिवशी कोणत्याही चालू स्थितीतील यंत्राने वाजवून दाखवले असते. तिथे निर्णायक ठरले ते शेत. जर्सी बेटावर रेज मीड आणि रिचर्ड माइल्स या दोघांनी एका शेतात पूर्वी नाणी निघाल्याची ऐकीव माहिती धरून सुमारे ३० वर्षे अधूनमधून शोध घेतला आणि २०१२ मध्ये त्यांना केल्टिक काळातील जवळपास ७०,००० नाण्यांचा एकसंध गठ्ठा सापडला. या ३० वर्षांत यंत्रांच्या किती पिढ्या आल्या आणि गेल्या असतील. शेत मात्र तेच होते. जुने नकाशे वाचणे, मोडलेल्या पायवाटा व जत्रेची मैदाने हुडकणे, शेतकऱ्याशी नीट बोलणे आणि फाटक आठवणीने लावून घेणे, हा या छंदातील कौशल्याचा पहिला आणि सर्वांत मोठा भाग आहे, आणि त्याचा यंत्राच्या किमतीशी काहीही संबंध नाही.

दुसरा भाग कानाचा. यंत्राच्या टोकाशी असलेल्या चकतीतील, म्हणजे कॉइलमधील, एक वेटोळे बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते. त्या क्षेत्रात धातू आला की त्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे क्षीण क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. हा प्रतिसाद किती उशिरा येतो यावरून धातूची वाहकता ताडली जाते आणि पडद्यावर एक आकडा उमटतो. नवशिक्याची फसगत इथेच होते, कारण तो आकडा धातूचे नाव सांगत नाही. सोन्याची लहान अंगठी आणि शीतपेयाचा डबा उघडताना ओढायचे ॲल्युमिनियमचे कान यांचे आकडे पुष्कळदा एकच असतात, आणि तेरा हजार पौंडांचे यंत्र कोणी बनवले तरी ते दोन्हींत छातीठोकपणे फरक करू शकणार नाही. ‘कचरा’ गाळण्याची सोय वापरून ते कान गाळाल, तर अंगठ्याही गाळाल. अनुभवी माणूस आकड्यापेक्षा आवाजाची कड ऐकतो: सूर गोल आहे की तुटका, चकती काटकोनात फिरवल्यावर तो टिकतो की विरतो, शेवटी लोखंडाची घोगरी शेपटी ऐकू येते का. हे हेडफोन लावूनच शिकावे लागते आणि शिकायला शंभरएक तास सहज जातात.

मी स्वतः पहिल्या हंगामात हौसेने महाग यंत्र घेतले, पैसे मोजले आहेत तर सगळे वसूल करू म्हणून संवेदनशीलता शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली आणि तीन महिने अखंड किरकिर ऐकत, प्रत्येक खोट्या आवाजापाशी खड्डा खणत फिरलो. दोष यंत्राचा आहे असे मी घरी ठामपणे सांगत असे. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आमच्या घरात त्या वर्षी पुष्कळ वापरली गेली. पुढे गटातील एका वयस्कर गृहस्थांनी माझ्याच यंत्राची संवेदनशीलता बरीच खाली आणली, चकती जमिनीला समांतर ठेवून निम्म्या गतीने फिरवली आणि मी तीनदा तुडवलेल्या पट्ट्यातून चांदीचे एक पातळ नाणे काढून दिले. मी प्रत्येक फेरीच्या शेवटी चकती लोलकासारखी वर उचलत होतो, दोन फेऱ्यांमध्ये जागा सोडत होतो, आणि चकतीखालचे क्षेत्र खोलीबरोबर निमुळते होत जाते हे पुस्तकात वाचूनही पायांना कळलेले नव्हते.

हे वापरणाऱ्याचे दुखणे यंत्राइतकेच जुने आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युत् प्रवर्तनावर चालणारे शोधयंत्र तयार केले. चाचण्यांमध्ये ते उत्तम चालले होते. रुग्णाच्या बिछान्यापाशी मात्र फसले, कारण गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या आणि मुख्य डॉक्टरांनी शरीराची उजवी बाजूच तपासू दिली, तर गोळी डावीकडे होती. शोधण्याची जागा चुकीची आणि आजूबाजूला लोखंड, या दोन कारणांनी यंत्रे आजही फसतात.

तरीही दुसऱ्या तटाचे म्हणणे सर्वस्वी पोकळ नाही. जुन्या वस्तीच्या जागी जिथे पावलागणिक खिळे आहेत तिथे लोखंडाचा मोठा आवाज शेजारच्या चांदीच्या नाण्याचा बारीक आवाज झाकून टाकतो, आणि एका प्रतिसादातून सावरून दुसरा लगेच टिपणारे वेगवान यंत्र तिथे खरोखरच अधिक देते. आपल्या शिवराईसारखी हातोड्याने ठोकून पाडलेली मध्ययुगीन इंग्लिश नाणी फार पातळ असल्याने हा फरक त्यांच्या बाबतीत विशेष जाणवतो. समुद्राच्या ओल्या वाळूतील मीठही वीज वाहून नेते, म्हणून एकाच वारंवारतेवर चालणारे स्वस्त यंत्र तिथे बावचळते आणि एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारे शांत राहते. पण हा फरक तंत्राचा आहे, कंपनीच्या नावाचा नव्हे. ऑस्ट्रेलियाची मिनेलॅब, अमेरिकेची गॅरेट, फ्रान्सची एक्सपी किंवा तुर्कस्तानची नोक्ता यांपैकी कोणाचेही मधल्या किमतीचे, अनेक वारंवारतांचे यंत्र आपल्या लेस्टरच्या शेताला पुरेल. उरलेल्या पैशांत एक लहान चकती, खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हाती शोधक आणि बळकट फावडे घ्यावे. घरामागच्या बागेत काही ओळखीची नाणी निरनिराळ्या खोलीवर पुरून त्यांचे आवाज पाठ करावेत आणि निदान दोन हंगाम यंत्र बदलू नये. दर वर्षी नवे यंत्र घेणाऱ्यांचे कान कायम नवशिकेच राहिलेले मी पाहिले आहेत.

एका कौशल्याविषयी आपण विचारलेले नाही, पण ते सांगितल्याशिवाय हे उत्तर मला अर्धवट वाटेल. ते म्हणजे खणणे थांबवणे. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये सफोक परगण्यातील हॉक्सन येथे एरिक लॉज हे आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. यंत्र त्यांना निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेले होते. हातोड्याआधी रोमन चमचे आणि सोन्याची नाणी हाती येऊ लागताच त्यांनी खणणे थांबवून अधिकाऱ्यांना कळवले. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना सुमारे १५,००० नाण्यांचा तो साठा ज्या पेटीत जसा रचला होता त्या रचनेसह उचलता आला. हातोडाही नंतर सापडला आणि तोही ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. कायद्याचे सांगायचे तर इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार खजिन्याच्या व्याख्येत बसणारी वस्तू मिळाल्यास १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे तेथील चौकशी अधिकाऱ्याला, कळवणे बंधनकारक आहे, आणि संरक्षित स्मारकांच्या जागी जमीनमालकाची परवानगी असली तरी यंत्र चालवता येत नाही. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत. तिकडे जाणार असाल तर ते आधी पाहावेत.

प्रश्न : माझ्या वहिनींचे मंगळसूत्र अंगणात किंवा लगतच्या वाडीत तुटून पडले. भाच्याने दुबईहून आणलेले यंत्र फिरवून पाहिले, तर ते जागोजाग वाजते आणि हाती काहीच लागत नाही. यंत्र हलक्या कंपनीचे असल्यामुळे असे होते का? दुसरे मागवावे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : लेस्टरच्या वाचकांना मी जी म्हण ऐकवली ती आपल्याला लागू नाही, कारण आपल्या बाबतीत अंगण खरोखरच वाकडे आहे. जांभ्यात आणि जांभ्याच्या तांबड्या मातीत लोहाची ऑक्साइडे इतकी असतात की जमीन स्वतःच यंत्राला प्रतिसाद देते. अशाच लोहयुक्त जमिनीने ऑस्ट्रेलियातील सोने शोधणाऱ्यांनाही छळले आणि तेथील यंत्रे त्या गरजेतून सुधारत गेली. क्षणिक स्पंद सोडून मग शांतपणे प्रतिसाद ऐकणारी स्पंद-प्रवर्तन यंत्रे अशा मातीत कमी बिचकतात, पण ती महाग असतात आणि खिळा व सोने यांत फारसा भेद करत नाहीत. एका दागिन्यासाठी तो खर्च मी सुचवणार नाही.

आधी यंत्रात जमिनीशी जुळवून घेण्याची, म्हणजे ‘ग्राउंड बॅलन्स’ची, सोय आहे का ते पाहावे. असल्यास धातू नसलेल्या जागी चकती खालीवर करून आवाज सपाट होईपर्यंत ती जुळवावी, आणि जांभ्यावरून वाडीच्या मातीत गेल्यावर पुन्हा जुळवावी. संवेदनशीलता निम्म्यावर आणावी. दागिना नुकताच पडला असल्याने तो पानापाचोळ्यात किंवा दोन-चार बोटे खोल असणार, यंत्राच्या खोलीची गरजच नाही. मग घरातील दुसऱ्या कोणाचे मंगळसूत्र जमिनीवर ठेवून त्याचा आवाज ऐकावा. एक गोष्ट तेव्हाच लक्षात येईल: काळे मणी यंत्राला दिसत नाहीत, आणि बारीक सोनसाखळीची प्रत्येक कडी यंत्राला वेगळी, क्षुल्लक वस्तू वाटते, त्यामुळे लांब साखळीही जवळजवळ गप्प राहते. आवाज देतील त्या वाट्या. म्हणून वाट्यांचा आवाज ओळखून घ्यावा आणि शोध त्यांचाच घ्यावा. अंगणात सुतळ्या ताणून हातभर रुंदीचे पट्टे पाडावेत, पायांतले व खिशातले धातू काढून ठेवावेत आणि एकेक पट्टा सावकाश संपवावा. वाडीत पाचोळा आधी ताडपत्रीवर गोळा करून त्यावरूनच चकती फिरवली, तर जमिनीचा प्रश्न बराच सुटतो.

शोधताना एखादे जुने नाणे किंवा भांडे निघाले तर ते आपल्या अंगणात निघाले म्हणून आपले होत नाही. जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असे १८७८ चा निखात निधी कायदा आजही सांगतो. भाचा तेच यंत्र घेऊन एखाद्या गडावर जाण्याच्या विचारात असेल, तर त्याला आताच थांबवावे.