‘नो सिग्नल’ म्हणजे मॉनिटर गेला असं नाही

कोथरूडहून धायरीला सामान हलवल्यापासून स्क्रीनवर ‘नो सिग्नल’ येतंय, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचे पंखे मात्र फिरतायत आणि दुकानदार नवा मॉनिटर घ्या म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. कृपया लगेच पैसे घालवू नका. ती अक्षरं नीट वाचता येतायत, म्हणजे मॉनिटरचं पॅनेल, बॅकलाइट आणि वीज चालू आहे. त्याच्यापर्यंत चित्र पोचत नाहीये, एवढंच तो सांगतोय.

चित्र तयार होतं कॅबिनेटमध्ये. ग्राफिक्स चिप पूर्ण फ्रेम, म्हणजे एक अख्खं चित्र, मेमरीत मांडते आणि केबलमधून पाठवते. साध्या फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके असतात, आणि सेकंदाला ६० वेळा ते सगळे नव्याने जातात. म्हणजे सेकंदाला बारा कोटींच्या वर ठिपक्यांचे रंग! तुम्ही माऊसला हातही लावला नाहीत तरी हे अखंड चालू असतं. उलट दिशेनेही थोडी माहिती जाते: माझं रिझोल्यूशन (ठिपके) किती, रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा) किती, हे मॉनिटर ग्राफिक्स चिपला कळवतो. कॅबिनेट त्यानुसार चित्र पाठवतं.

आता तुमच्या मशीनकडे येऊ. प्रोसेसर इंटेलचा १२४००एफ आहे, आणि माझा पहिला संशय तिथेच आहे. शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसतं, त्यामुळे चित्र वेगळ्या ग्राफिक्स कार्डातूनच येतं. तरीही मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डावर, बहुतेक वेळा एचडीएमआयचं सॉकेट असतं, आणि घाईत केबल जोडणारा माणूस हमखास तिथेच खुपसतो. कॅबिनेटच्या मागे बघा. यूएसबीच्या सॉकेटांच्या घोळक्यातलं एचडीएमआय मदरबोर्डचं. त्याच्या खाली, वेगळ्या आडव्या पट्टीवर जी सॉकेटं आहेत ती ग्राफिक्स कार्डाची. केबल तिथेच हवी. मग केबल मॉनिटरच्या ज्या सॉकेटला लावलीय तेच इनपुट त्याच्या मेनूमध्ये निवडलंय ना, हेही बघा.

केबल बरोबर जागी असेल तर तिचं कॅबिनेटकडचं टोक काढून लॅपटॉपला लावा. लॅपटॉपचं चित्र आलं की मॉनिटर आणि केबल दोन्ही निर्दोष. नाही आलं तर आधी केबल बदलून बघा. पुण्याच्या तपकीर गल्लीत साधी एचडीएमआय केबल सहज मिळते.

मॉनिटर ठीक निघाला, तर टेम्पोतल्या धक्क्यांनी रॅम किंवा कार्ड सैल झालं असणार. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, मग कॅबिनेट उघडा. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवरून साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका आणि खटका बसेपर्यंत दाबून लावा. कार्डही तसंच काढून बसवा आणि त्याची वेगळी पॉवर केबल असेल तर ती पूर्ण आत गेलीय का बघा. हे घरी करण्यासारखं काम आहे. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) धोकादायक चार्ज राहतो.

एवढं करूनही अंधारच असेल, तर मशीन चालू करून मदरबोर्डवर बघा. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. त्यातला कुठला पेटून तसाच राहतो ते इथे लिहा आणि मागच्या बाजूचा एक फोटो टाका, म्हणजे पुढचं सांगता येईल.