कॉलेजच्या वाङ्मय मंडळाच्या कार्यक्रमांना मुलं येत नाहीत. हजेरी सक्तीची करावी का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मुंबईतल्या एका कॉलेजात वाङ्मय मंडळाच्या सचिव आहात. फेस्टला पाय ठेवायला जागा नसते आणि तुमच्या व्याख्यानाला, काव्यवाचनाला जेमतेम पंधरा-वीस जण येतात, म्हणून आता कार्यक्रमाला हजेरी घ्यावी असं सरांच्या मनात आहे. कृपा करून नका घेऊ. मी दादर भागातल्या एका कॉलेजात मराठी शिकवलं आणि त्यातली सतरा वर्षं मंडळ सांभाळलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हजेरीचं. एका कॉलेजात मी निबंध स्पर्धेची परीक्षक म्हणून गेले होते. बक्षीस समारंभाला जोडून एका लेखकाचं व्याख्यान होतं. सभागृह खच्चून भरलेलं, दाराला आतून कडी आणि कडीपाशी शिपाई. लेखक रात्रभर एसटीनं प्रवास करून आले होते. दहाव्या मिनिटाला मागच्या रांगांतून कुजबुज सुरू झाली. ते थांबले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ज्यांना जायचंय त्यांनी जावं, मला वाईट वाटणार नाही." कुणी हललं नाही, कारण सह्यांचा कागद शेवटी फिरणार होता. उरलेला पाऊण तास त्यांनी हातातल्या कागदावरून वाचून काढला आणि एकदाही मान वर केली नाही. मी पहिल्या रांगेत होते. मला मान वर करून त्यांच्याकडे बघवेना. पंधरा जणांसमोर बोलून आलेला लेखक पुन्हा बोलावलं तर येतो. हे लेखक त्या कॉलेजात पुन्हा गेले असतील असं मला वाटत नाही.

आता माझ्याकडचा एक अनुभव. मंडळ हातात घेतलं त्या वर्षीचा ऑगस्ट, बाहेर धो-धो पाऊस. मी लालबागच्या एका शाहिरांना बोलावलं होतं. १९८२ च्या संपात त्यांची गिरणी सुटली ती सुटलीच. चारशे खुर्च्यांच्या सभागृहात तेरा मुलं बसली होती. शाहिरांनी डफावर थाप मारली तर ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज आला. कातडं सादळलं होतं. ते म्हणाले, "बाई, शेगडी कुठं मिळंल?" शेगडी होती फक्त कॅन्टीनमध्ये. मग ते, त्यांचा तुणतुणेवाला, मी आणि ती तेरा मुलं असे सगळे कॅन्टीनमध्ये गेलो. त्यांनी डफ जाळावर धरला, फिरवला, बोटानं टिचकी मारून कानाशी नेला, पुन्हा धरला. दर टिचकीला आवाज चढत होता. वडापाव खाणारी मुलं हातातलं खाणं घेऊन भोवती उभी राहिली. एकानं विचारलं, "काका, हे जळत नाही?" शाहिरांनी डफ त्याच्याच हातात दिला. अंतर किती ठेवायचं, कुठे थांबायचं ते सांगितलं आणि म्हणाले, "लागला की सांग मला."

कार्यक्रम मग कॅन्टीनमध्येच झाला. त्यांचा एक झीलकरी, म्हणजे मागे उभं राहून सूर धरणारा साथीदार, तापानं आजारी होता. त्यांनी समोरच्या मुलांना दोन गट पाडून झील धरायला लावली. पहिल्यांदा मुलं लाजली, तिसऱ्या कडव्याला भिंती दणाणत होत्या. तानाजीचा पोवाडा संपेपर्यंत कॅन्टीनच्या पायऱ्यांवरही मुलं बसलेली होती. डफ धरणारा मुलगा कॉमर्सचा, मंडळाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पुढची तीन वर्षं तो माझा सचिव होता.

मंडळाबद्दल मला जे कळलं ते त्या दिवशी कळलं. मुलं नुसतं ऐकायला येत नाहीत. ज्या कार्यक्रमात त्यांच्या हातात काहीतरी असतं, तिथे ती येतात आणि मित्रांना ओढून आणतात. आताच्या मुलांना बसायची सवयच नाही, हे मी स्टाफरूममध्ये शेकडो वेळा ऐकलंय. ज्यांना तसं वाटतं त्यांनी एकदा चतुरंग प्रतिष्ठानच्या सवाई एकांकिका स्पर्धेला जावं. २५ जानेवारीच्या रात्री ती सुरू होते आणि प्रजासत्ताक दिनाच्या पहाटेपर्यंत चालते. वर्षभरात इतर स्पर्धा जिंकलेल्या एकांकिकाच तिथे उतरतात. रात्री तीनला नाट्यगृह जागं असतं, "अरे, आवाज कोणाचा?" असं ओरडून घसे बसलेले असतात आणि पडदा वर गेला की टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होते. ती बहुतेक कॉलेजचीच मुलं असतात, आणि त्यांतल्या निम्म्यांनी तरी कधी ना कधी सेट उचललेला असतो.

तेव्हा पहिली गोष्ट, कार्यक्रमातली कामं वाटा आणि खरी कामं वाटा. स्वागताला गुलाब देणं हे काम नव्हे. पाहुण्यांची ओळख त्यांचं एखादं पुस्तक वाचलेल्या मुलानं करून द्यावी. तीन मिनिटं पुरेत, आणि त्यात त्याला न पटलेली एक गोष्टही असावी. आमच्याकडे एका मुलीनं कवींना तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या दुसऱ्या संग्रहात पहिल्याइतकी धार नाही. मी घाबरले. कवी खुर्चीत पुढे सरकून बसले आणि ठरलेला विषय बाजूला ठेवून तासभर त्यावरच बोलले. व्याख्यानाच्या आठवडाभर आधी पाहुण्यांचं दोन पानांचं लिखाण झेरॉक्स करून वाटा आणि चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवा. ज्याचा प्रश्न घेतलाय तो हमखास येतो. नाटकाच्या तालमीची मुलं संध्याकाळी पॅसेजमध्ये असतातच, त्यांच्याकडून एखादा उतारा वाचवून घ्या. ती कशी उभी राहतात, कुठे थांबतात ते बघून पाहुणेसुद्धा सुखावतात.

दुसरी गोष्ट वेळेची. इथे मुंबईचं गणित पक्कं लक्षात ठेवा. तुमची मुलं डोंबिवली, कल्याण, विरारहून येत असतील. सकाळी सातच्या लेक्चरसाठी ती पाचला उठलेली असतात, दुपारनंतर कुणी क्लासला जातं, कुणी नोकरीला. दुपारी चारचा कार्यक्रम म्हणजे तीन तास रेंगाळायचं आणि मग सहाच्या गर्दीत लटकत घरी जायचं. त्या मुलांना साहित्याची आवड नाही असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. आम्ही बुधवारी पावणेएक ही वेळ धरली, सुटलेल्या शेवटच्या लेक्चरला लागून. पन्नास मिनिटांत संपवायचं, मग पाहुणे कितीही मोठे असोत. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि आभार यांचे सगळे मिळून पाचच मिनिटं. एकदा मी घड्याळ लावून बघितलं होतं, पाहुण्यांनी तोंड उघडेपर्यंत पस्तीस मिनिटं गेली होती.

वार आणि जागा मात्र बदलू नका. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं २००९ साली 'चाय अँड व्हाय?' हा विज्ञानगप्पांचा कार्यक्रम सुरू केला. रविवारी सकाळी, जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात तो होत आला. शाळकरी मुलापासून आजोबांपर्यंत कुणीही यावं आणि मध्येच हात वर करून विचारावं. ठरलेली जागा आणि ठरलेला वार असला की माणसाला पोस्टर बघावं लागत नाही.

महिन्यांचंही बघा. ऑगस्टमध्ये झेवियर्स कॉलेजचा मल्हार फेस्ट असतो, पावसाळ्यातच विद्यापीठाच्या युवा महोत्सवाच्या फेऱ्या असतात, डिसेंबरात पवईला आयआयटीचा मूड इंडिगो. त्या दिवसांत तुमची कामाची मुलं तिकडे असणार, आणि असावीत. १९७१ पासून चालत आलेल्या मूड इंडिगोशी तुमच्या मंडळानं स्पर्धा करायचं कारण नाही. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिनही शक्य असेल तर मोकळा सोडा. त्या दिवशी चांगला वक्ता तीन ठिकाणी बोलत असतो आणि तिसऱ्या ठिकाणी दमून पोचतो. तोच माणूस १२ मार्चला तुमच्याकडे निवांत बसेल.

गाण्याच्या मैफलीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते, कारण माझा जीव त्यात आहे. शास्त्रीय गाणं कॉलेजात चालत नाही हे खरं नाही. झेवियर्समध्येच विद्यार्थ्यांचा इंडियन म्युझिक ग्रुप सत्तरच्या दशकापासून आहे आणि जानेवारीत त्यांचा जॅनफेस्ट हा संगीत महोत्सव होतो. अडचण वेळेची असते. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, २००० सालचे नियम आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण त्यामुळे मैफली संध्याकाळी सहा ते दहामध्ये कोंबल्या जातात. मग यमन, पूरिया, बागेश्री हे संध्याकाळचे-रात्रीचे राग पुन्हा पुन्हा कानावर पडतात आणि सकाळचे भैरव किंवा तोडी समोर बसून ऐकलेला मुलगा शोधावा लागतो. कॉलेज मात्र सकाळी सातला उघडं असतं! शनिवारी साडेसातला एखाद्या तरुण गायिकेला बोलवा, वर्गातली बाकं मागे सारून सतरंज्या घाला, माइक अजिबात नको. तानपुरे मुलांसमोरच लावू द्या. एसी असेल तर आधीच सुरू करून ठेवा, कारण थंड हवेत गेल्यावर लागलेल्या तारा उतरतात-चढतात आणि पुन्हा सगळं लावावं लागतं. आमच्याकडे एका सकाळी गायिकेनं पहिल्या रांगेतल्या मुलीला तानपुरा मांडीवर दिला आणि चार तारा कशा छेडायच्या ते दाखवलं. त्या मुलीनं पुढचा सव्वा तास हात थांबवला नाही. नंतर बोट दाखवायला आली, लाल झालं होतं, आणि तिचा चेहरा असा उजळलेला की मी काही बोलूच शकले नाही.

मानधनाबद्दल एकच. ते आधी सांगा, थोडं असलं तरी सांगा, आणि त्याच दिवशी पाकिटात द्या. "ऑफिसातून चेक निघेल" म्हणून माझ्या हातून एका तबलावादकाचे पैसे सात महिने अडकले होते. त्याला फोन करायची लाज वाटावी हे मी भोगलंय. प्राचार्यांकडून वर्षाच्या सुरुवातीलाच मंडळाचा निधी मंजूर करून घ्या.

सरांना पटवायचं असेल तर एक जुनी गोष्ट सांगा. १८४८ साली याच शहरात एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी एक सभा काढली, स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी नावाची. तिथे निबंध वाचायचे, त्यावर वाद घालायचे. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. दादाभाई नौरोजी त्या तरुणांपैकीच. दुसऱ्याच वर्षी या सभासदांनी मुलींच्या शाळा उघडल्या आणि सुरुवातीला स्वतःच तिथे शिकवलं. एका खोलीत बसून एकमेकांचं ऐकणारी थोडी माणसं होती ती. तिथे जे सुचलं ते त्यांनी बाहेर पडून केलं. मंडळाचं मोजमाप डोकी मोजून करू नका असं मी प्राचार्यांना याच आधारावर सांगायचे, आणि दोघांनी तरी ते मानलं.

पुढच्या कार्यक्रमाला मोठं सभागृह मागू नका. वर्गखोली घ्या, खुर्च्या पंचवीसच गोलात मांडा, बाकीच्या भिंतीला लावून ठेवा. सव्विसावा आला की त्याची त्याला उचलून आणू द्या, आणि गोलातल्यांना सरकून जागा करू द्या.